मंत्र्याची सही कुठवर चालते?



नोव्हेंबरात गायरानाच्या नोटिसा वाटल्या गेल्या, तेव्हाची गोष्ट. आपल्या एका वस्तीवरच्या आजीनं नोटिशीच्या कागदाची घडी करून पदराच्या गाठीत बांधली. शेजारच्या गावात कार्यक्रमाला मंत्री येणार होते, तिथं जाऊन ती उन्हात बसली. मंत्री भाषणात म्हणाले, "गरिबाच्या घराला कुणी हात लावणार नाही, मी सांगून ठेवलंय." टाळ्या पडल्या. आजीनंही वाजवल्या. आठ दिवसांनी ती नातवाला घेऊन कचेरीत गेली. तिथला कारकून काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मावशे, साहेब बोलले असतील, मी कुठं नाही म्हणतो? पण माझ्या टेबलावर नोटीस आहे. ती थांबवायचा कागद आलेला नाही. कागद येईस्तोवर माझ्या हातात काही नाही."

आजी परत आली आणि बैठकीत तिनं एकच सवाल केला, "मग आम्ही टाळ्या कुणासाठी वाजवल्या? तो सरकार नव्हता का?"

त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. पुढं आम्ही जाणत्या वकील मित्रांना विचारलं, कायद्याची पुस्तकं चाळली, कोर्टाचे निकाल समजून घेतले. त्यातून जे कळलं ते या अंकात मांडतो. विषय रुक्ष वाटेल, पण आपली जमीन ज्या सहीवर राहते किंवा जाते, त्या सहीचा हा विषय आहे. वस्तीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.

सरकार म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी निजामाचं राज्य पाहिलं, नाहीतर बापाकडून ऐकलं. तेव्हा हा सवालच नव्हता. निजामाचं फर्मान निघालं की तोच कायदा. कितीक जमिनी 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाच्या खाजगीतल्या, त्यांचा वसूल त्याच्या घरच्या खजिन्यात जायचा. माणूस आणि सरकार एकच होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि माणूस वेगळा, सरकार वेगळं, असं ठरलं.

संविधानाचं कलम १५४ सांगतं की राज्याचा कारभार चालवायचा अधिकार राज्यपालाच्या नावावर आहे. राज्यपालानं तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालवायचा. कलम १६६ पुढची रीत सांगतं. सरकारचा प्रत्येक हुकूम राज्यपालाच्या नावानं निघायला हवा. कोणताही शासन निर्णय काढून बघा, शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं छापलेलं असतं आणि खाली एखाद्या सचिवाची, उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते. मंत्र्याची सही तिथं नसते. मंत्री फाईलवर लिहितो, आणि हुकूम होऊन बाहेर पडतो तो राज्यपालाच्या नावानं.

मग मंत्र्याला अधिकार येतो कुठून? त्याच कलम १६६ मध्ये म्हटलंय की कामाची वाटणी मंत्र्यांमध्ये कशी करायची याचे नियम राज्यपालानं करावेत. आपल्या राज्यात हीच शासन कार्यनियमावली. कोणतं खातं कोणाकडं, कोणते विषय मंत्री एकटा निकालात काढू शकतो, कोणते सगळ्या मंत्रिमंडळापुढं न्यायलाच लागतात, हे सगळं तिथं आहे. म्हणजे मंत्र्याचा अधिकार त्याच्या अंगचा नाही, खात्याचा आहे. खातं बदललं की तो अधिकार जागेवर राहतो आणि माणूस निघून जातो. तलाठ्याची बदली झाली तर तो दप्तर घरी घेऊन जातो का? तसंच हे.

आता यातली खोच बघा. जमीन महसूल कायदा, १९६६ उघडला तर पानोपानी "राज्य शासन" असा शब्द आहे. राज्य शासन परवानगी देईल, राज्य शासन अपील ऐकेल. कलम २५७ सांगतं की राज्य शासन खालच्या अधिकाऱ्याचं प्रकरण मागवून घेऊन त्याचा हुकूम बदलू शकतं. कायदा करताना विधानसभेनं शब्द लिहिला "राज्य शासन". पण ते प्रकरण प्रत्यक्षात ऐकतो कोण? महसूल मंत्री किंवा राज्यमंत्री, एकटा, मुंबईत मंत्रालयातल्या आपल्या दालनात. विधानसभेनं त्या माणसाचं नाव लिहिलं नाही, पदही लिहिलं नाही. ते ठरलं नियमावलीत, आणि ती नियमावली विधानसभेत चर्चा होऊन झालेली नाही. इंग्लंडात बऱ्याच कायद्यांत पार्लमेंट थेट मंत्र्याच्या पदाचंच नाव घालतं, म्हणजे त्यानं काय करायचं हे त्या कायद्यातच दिसतं. आपल्याकडं "राज्य शासन" या मोठ्या शब्दाच्या आड एक खुर्ची असते, आणि ती आपल्या लोकांना दिसत नाही.

बोललेला शब्द, लिहिलेला शेरा

आजीच्या सवालाचं पहिलं उत्तर फार जुन्या निकालात सापडलं. पंजाबच्या शेजारी तेव्हा पेप्सू नावाचं राज्य होतं. तिथल्या महसूल खात्यातल्या एका नोकराला बडतर्फ केलं होतं. महसूल मंत्र्यानं फाईलवर शेरा लिहिला की बडतर्फ करू नका, खालच्या पदावर ठेवा. पण तो हुकूम लेखी निघून त्या माणसाच्या हातात पडला नाही. तेवढ्यात १ नोव्हेंबर १९५६ ला पेप्सू पंजाबात मिसळलं. त्याच दिवशी आपला मराठवाडाही हैद्राबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. नव्या राज्याच्या मुख्यमंत्र्यानं त्या माणसाची बडतर्फी कायम केली. माणूस भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६२ साली कोर्टानं सांगितलं की फाईलवरचा मंत्र्याचा शेरा म्हणजे सरकारचा हुकूम नव्हे. तो राज्यपालाच्या नावानं निघाला पाहिजे आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला कळवला गेला पाहिजे. तोवर मंत्री आपलं मत कितीदाही बदलू शकतो.

फाईलवर शाईनं लिहिलेल्या शेऱ्याची ही गत, तर मंडपात बोललेल्या शब्दाची काय? कारकून खरं बोलत होता, साथींनो. आजीला वाईट वाटलं, पण कायदा त्याच्या बाजूनं होता.

दुसरं उत्तर मार्च २०२३ मधलं. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीला सहकार मंत्र्यांनी परवानगी दिली. मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती स्थगिती रद्द केली. कारण काय? खातं ज्या मंत्र्याकडं आहे त्याचा निर्णय फिरवायचा स्वतंत्र अधिकार कार्यनियमावलीनं मुख्यमंत्र्याला दिलेला नाही. म्हणजे राज्यातला सगळ्यात मोठा माणूसही "मी सांगतो" म्हणून सही करू शकत नाही. त्यालाही कोणत्या नियमानं, ते दाखवावं लागतं.

तिसरं उत्तर आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. २००६ साली खामगाव भागात सावकारीच्या जाचाची तक्रार घेऊन एक शेतकरी पोलीस ठाण्यात गेला. सावकार आमदाराच्या घरातला. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून ठाण्याला फोन गेला, जिल्ह्याला वेगळ्या सूचना गेल्या, आणि साध्या शेतकऱ्याची तक्रार अडली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०१० मध्ये कोर्टानं कडक शब्दांत ताशेरे मारले आणि राज्य सरकारवर १० लाख रुपयांचा खर्च बसवला. गुन्हा नोंदवायचा की नाही हे फौजदारी कायद्यानं ठाण्याच्या अधिकाऱ्यावर सोपवलंय, त्यात मुख्यमंत्र्याला जागा नाही. फोन करणारा कितीही मोठा असो, त्याला ती जागा मिळत नाही.

वाशिमचं गायरान आणि आपलं गायरान

आता दुखऱ्या जागेवर येऊ. १७ जून २०२२ ला तेव्हाचे महसूल राज्यमंत्री अब्दुल सत्तार यांनी वाशिम जिल्ह्यातली ३७ एकरांहून जास्त गायरान जमीन एका खाजगी माणसाच्या नावे नियमित करायचा हुकूम दिला. सत्तार साहेब सिल्लोडचे आमदार, आणि सिल्लोड आपल्याच जालना लोकसभा मतदारसंघात येतं, म्हणून ही गोष्ट आपल्या लोकांनी जास्तच कान देऊन ऐकली. त्या माणसाचा दावा जिल्हा न्यायालयानं आधीच नाकारलेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं राज्यमंत्र्यांच्या त्या हुकमाला स्थगिती दिली. नागपूरच्या अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. शेवटचा निकाल देणं हे कोर्टाचं काम, आम्ही कुणाला दोषी ठरवत नाही.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. जूनमध्ये एका सहीनं ३७ एकर एका माणसाला. ऑक्टोबरात हायकोर्टापुढं गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय आला, राज्यभरात दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं असल्याचा आकडा सरकारनंच दिला, आणि नोव्हेंबरात आपल्या भिल, पारधी, दलित, भटक्या माणसांच्या झोपड्यांवर नोटिसा चिकटल्या. त्यातल्या कितीकांकडं दोन एकरही नाही.

गायरानाचा कायदा दोघांनाही एकच. सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०११ ला, पंजाबच्या जगपालसिंग प्रकरणात, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. हाच निकाल दाखवून आपल्याला उठवतात. पण त्याच निकालात लिहिलंय की अपवाद म्हणून नियमित करता येईल, तेही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी अधिसूचनेनं पट्टा दिलेला असेल तिथं, किंवा शाळा-दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी असेल तिथं. महाराष्ट्र सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे. त्यात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली, भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी अपवाद ठेवला तो दारात उभा, आणि दालनात जाऊन बसला तो दुसराच.

असं का होतं? कारण दालनातली सुनावणी कुणाला परवडते ते बघा. भोकरदनच्या डोंगरातून मुंबईला जायचं, दोन दिवस मजुरी बुडवायची, वकील लावायचा, तारीख पुढं गेली की परत यायचं. ज्याला हे परवडतं त्याच्यासाठी "राज्य शासन" म्हणजे ओळखीचा माणूस. आपल्यासाठी ते एक बंद दार. अधिकार एका माणसाच्या हातात गोळा झाला की त्याच्यापर्यंत पोचायची ऐपत हाच खरा कायदा होऊन बसतो.

मंत्रीच नव्हते तेव्हा

२०२२ साली एक चमत्कार आपण सगळ्यांनी पाहिला. ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री, असे दोघे शपथ घेऊन बसले. संविधानाचं कलम १६४ म्हणतं की राज्यात मुख्यमंत्री धरून १२ पेक्षा कमी मंत्री असू नयेत. पण ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ४० दिवस, दोघांचंच राज्य. खात्यांना मंत्री नाहीत म्हणून अपिलं तुंबली. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हुकूम निघाला की मंत्र्यांनी ऐकायची अपिलं आणि स्थगितीची प्रकरणं खात्याच्या सचिवांनी ऐकावीत. विरोधकांनी ओरड केली की राज्य सचिवांच्या हवाली केलं. सरकार म्हणालं, फक्त सुनावणीचे अधिकार दिलेत, बाकी सगळं आमच्याकडंच आहे.

आपण या भांडणात कोणाच्या बाजूनं? खरं सांगायचं तर कोणाच्याच नाही. मंत्र्याला निदान पाच वर्षांनी गावात यावं लागतं, सचिवाला तेही नाही. पण त्या हुकमानं एक गोष्ट उघडी केली. आपल्या जमिनीचा न्याय कोण करणार, हे एका कागदानं, रातोरात, विधानसभेला न विचारता बदलता येतं. आज मंत्री, उद्या सचिव, परवा परत मंत्री. ज्याची जमीन, त्याला हे पेपरात वाचून कळतं, आणि पेपर आपल्या वस्तीवर तिसऱ्या दिवशी भज्याभोवती गुंडाळून येतो.

जिथं मंत्र्याला दार नाही

आता चांगली गोष्ट ऐका. गायरान म्हणजे महसुलाची जमीन, तिची वाट वर सांगितली. वनजमिनीची वाट वेगळी आहे, आणि ती आपण मोठ्या लढाईनं मिळवलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात विधिमंडळाच्याही वरच्या सभागृहानं, म्हणजे दिल्लीच्या संसदेनं, कोणता अधिकार कोणाचा हे नाव घालून लिहून ठेवलंय. दावा मागवायचा, तपासायचा आणि ठराव करायचा, हे काम ग्रामसभेचं. त्यानंतर उपविभागीय समिती, उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर जिल्हास्तरीय समिती, कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली. कलम ६ म्हणतं की जिल्हास्तरीय समितीचा निर्णय शेवटचा. त्यात "राज्य शासन अपील ऐकेल" असं वाक्य नाही. म्हणजे वनहक्काचा दावा मंजूर करणं किंवा नाकारणं हे कोणत्याही मंत्र्याच्या हातात दिलेलं नाही.

अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांनी २०२० मध्ये आपले खास अधिकार वापरून जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीकडं अपिलाची सोय केली. नंदुरबार, गडचिरोलीच्या साथींना ती वाट आहे. आपला जालना जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, मराठवाड्यात ते फक्त नांदेडकडं आहे. त्यामुळं आपल्याला जिल्हा समितीनंतर थेट हायकोर्ट. पण लक्षात ठेवा, वनहक्क कायदा स्वतः सगळीकडं लागू आहे. "तुमचा जिल्हा आदिवासी नाही, तुम्हाला हा कायदा नाही" असं कुणी सांगितलं तर तो खोटं सांगतोय किंवा त्यानं कायदा वाचलेला नाही.

ग्रामसभेच्या या अधिकाराला किती वजन आहे हे ओडिशातल्या नियमगिरीनं दाखवलं. तिथं डोंगर फोडून बॉक्साईट काढायचं ठरलं होतं. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोंगरावरच्या हक्कांबद्दल आधी ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या. बाराही नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. डोंगरिया कोंध बायाबापड्यांना कुणा मंत्र्याच्या दालनात जावं लागलं नाही, आपल्याच गावात, आपल्याच झाडाखाली बसून त्यांनी कायद्यानं दिलेला अधिकार वापरला.

आमची स्वतःची चूक

इथं आम्हाला आमच्याकडंही बोट करायला हवं. नोटिसा आल्या तेव्हा आपल्या संघटनेनं पहिलं काय केलं? निवेदन टाईप केलं आणि मंत्र्याच्या दौऱ्याची तारीख विचारली. फोटो काढला. निवेदन देतानाचा तो फोटो आपल्या मोबाईलमध्ये अजून आहे, पण निवेदनाची पोच कुणाकडं आहे? आवक क्रमांक कुणी लिहून घेतला? जमिनीचा पुरावा गोळा करायला आपण जानेवारी उजाडवला. दोन वस्त्यांवर तर वनहक्क समितीचं रजिस्टरच सापडलं नाही.

स्थगिती मागायची नाही, असं आमचं म्हणणं नाही. बुलडोझर दारात आला तर ज्याच्या सहीनं थांबतो त्याच्याकडं जावंच लागेल. पण मेहरबानीनं आलेली स्थगिती मेहरबानीनंच जाते. खातं बदललं, सरकार बदललं, माणूस रागावला, की गेली. हक्कानं मिळालेला कागद तसा जात नाही. आपण मंत्र्याला "मायबाप" म्हणतो तेव्हा आपणच त्याला निजामाच्या गादीवर बसवतो, आणि मग तो फर्मान काढायला लागला की आपण रडतो.

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही चार गोष्टी मागतो.

एक. जमिनीच्या प्रकरणांत "राज्य शासन" म्हणजे कोण, हे कायद्यातच लिहा. मंत्र्याला अधिकार द्यायचा असेल तर विधानसभेत चर्चा करून, नाव-पद घालून, हद्द आखून द्या. तो अधिकार दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल तर तेही विधानसभेपुढं ठेवा.

दोन. गायरान, वतन, इनाम आणि आदिवासींच्या जमिनींची सुनावणी बंद दालनात नको. जिल्ह्याच्या ठिकाणी, नोटीस देऊन, गावाला ऐकून घ्या. निकालात कारणं लिहा आणि प्रत फुकट द्या.

तीन. एखादं गायरान कुणाच्या नावे करायचा विषय आला तर मंत्री असो की अधिकारी, आधी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव घ्या. अपवाद भूमिहीनासाठी आहे, तर आधी भूमिहीनांची यादी लावा.

चार. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते आणि तिला राज्य शासनाची आधी मान्यता लागते. ही अट १९७४ मध्ये आपल्या रक्षणासाठी आली. पण ती मान्यता म्हणजे मुंबईतली एक फाईल. गावात कुणालाच पत्ता नसतो आणि सातबारावर नाव बदललेलं निघतं. आपल्या जिल्ह्यातही अशा प्रत्येक प्रकरणात गावाला आधी विचारायचं बंधन घाला, आणि दिलेल्या मान्यतांची यादी तहसीलच्या फलकावर लावा.

आता आपण करायचं काय

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर हातात आहे ते करू.

कुणी मंत्री, आमदार, साहेब काही बोलला तर हात जोडून एवढंच म्हणा, "साहेब, लेखी द्या, कोणत्या कलमाखाली ते लिहा." यात उद्धटपणा नाही. कायदाच असं मागतो.

नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते आधी बघा. मुदतीच्या आत लेखी म्हणणं द्या. पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक नसेल तर ते म्हणणं दिलंच नाही असं समजा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला बसवा, आपल्या पोरी आता हे चांगलं करतात.

वनजमीन असेल तर वनहक्क समितीचं रजिस्टर काढा. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेत निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. हजेरीवर अंगठे-सह्या घ्या. दंडाच्या जुन्या पावत्या, फॉरेस्टवाल्यांनी केलेल्या गुन्ह्यांचे कागद, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुन्या विहिरी-बांधांच्या खुणा, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. ज्या पावतीनं तुमच्या बापाला चोर ठरवलं, तीच पावती आज सांगते की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन तुम्ही कसताय. जपून ठेवा. खालच्या समितीनं दावा नाकारला तर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडं जायचं असतं. आणि दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर तुम्हाला त्या जमिनीवरून हलवता येत नाही, असं त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय. हे पाठ करा.

गायरान असेल तर १९९० च्या आधीपासून कसत असल्याचं जे काही हाती आहे ते शोधा. पीकपेऱ्याची नोंद, अतिक्रमणाच्या रजिस्टरातलं नाव, दंडाची पावती, रेशनकार्ड, शाळेचा दाखला. एकेकट्यानं जाऊ नका, वस्तीनं मिळून यादी करा. त्या यादीची एक प्रत संघटनेकडं द्या, पुढच्या बैठकीत तालुकावार फाईल बांधायची आहे.

आणि आजीला आता उत्तर देऊ. आजी, मंडपात बोलला तो सरकारातला एक माणूस होता. सरकार म्हणजे कायद्यानं ज्याला जे काम दिलं, त्यानं ते रीतीनं करणं. त्यातलं एक काम कायद्यानं तुलाही दिलंय. ग्रामसभेत तू हात वर करतेस, रजिस्टरवर अंगठा लावतेस, तेव्हा वनहक्काच्या त्या कागदावर कायद्याचा अधिकार तुझ्या अंगठ्याला आहे, तिथं मंत्र्याच्या सहीला नाही.

तो अंगठा वेळेवर लागला पाहिजे. पदरातली नोटीस सोड, तारीख वाचून घे आणि येत्या ग्रामसभेला पुढं बसायला ये.

जिंदाबाद!